23 इंचांखालचा शिकारी

इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये, किनाऱ्यापासून जवळच, ऑल्टकार नावाचा सपाट आणि ओलसर जमिनीचा पट्टा आहे. 1836 पासून तिथे 'वॉटर्लू कप' भरत असे. दोन ग्रेहाउंड, पुढे पळणारा एक रानससा आणि घोड्यावरून मागे जाणारा पंच, असे त्या स्पर्धेचे स्वरूप होते. 1877 आणि 1878 अशी लागोपाठ दोन वर्षे हा चषक कुमासी नावाच्या कुत्रीने जिंकला. तिचे वजन जेमतेम 19-20 किलो होते. तिच्या आधी मास्टर मॅक्ग्रा या आयरिश कुत्र्याने 1868, 1869 आणि 1871 अशी तीन वर्षे बाजी मारली होती. त्याचे वजन 54 पौंड, म्हणजे साडेचोवीस किलो. ग्रेहाउंडचा धिप्पाड नर तिशी सहज ओलांडतो, हे लक्षात घेतले की या दोन नावांचे महत्त्व कळते.

मग ही दोघे जिंकली कशी? या स्पर्धेत ससा मारला की सगळे गुण मिळाले, असे नव्हते. सशाला दिशा बदलायला कोणी भाग पाडले, पुढच्या कुत्र्याला मागे कोणी टाकले, वळणावर कोण सशाला चिकटून राहिले, या सगळ्याचे गुण होते. सरळ रेषेतला वेग मोठ्या कुत्र्याकडे होता, पण वळणावर ही लहान चणीची जनावरे त्याला भारी पडत.

कुमासी आणि मास्टर मॅक्ग्रा शुद्ध ग्रेहाउंड होते, लर्चर म्हणजे संकरित शिकारी कुत्रे नव्हते. तरीही लहान लर्चर मोठ्या कुत्र्याच्या बरोबरीने काम करू शकतो का, हा प्रश्न ब्रिटनच्या खेड्यांत निघतो तेव्हा मुद्दा हाच असतो. कुत्र्याची उंची खांद्यापाशी मोजतात. अनेक प्रदर्शनांत 23 इंच, म्हणजे साधारण 58 सेंटिमीटर, ही रेघ धरून 'लहान' आणि 'मोठे' असे वर्ग पाडले जातात. रेघेच्या दोन्ही बाजूंना आपापल्या कुत्र्यांबद्दल ठाम मते आहेत. त्या वादात शिरण्याआधी कुत्र्याला नेमके कोणते काम करायचे आहे ते विचारायला हवे. ते ठरल्याशिवाय उंचीची चर्चा निरर्थक आहे.

लर्चर ही नोंदवलेली जात नाही. ग्रेहाउंड, व्हिपेट, सालुकी, डियरहाउंड अशा नजरेवर धावणाऱ्या कुत्र्यांचा संकर मेंढपाळाच्या कोलीशी किंवा एखाद्या टेरियरशी केला की होतो तो लर्चर. एका बाजूने वेग येतो, दुसऱ्या बाजूने डोके, नाक, दाट केस आणि चिकाटी. दोन वेगवान जातींचाच संकर असेल तर त्याला 'लाँगडॉग' हे वेगळे नाव आहे. लर्चर हा गरिबाचा कुत्रा होता. 1671 च्या इंग्रजी शिकार कायद्यात ठराविक मालमत्ता नसलेल्या माणसाने काय बाळगू नये याची यादी आहे. बंदूक, जाळी आणि बिळात सोडायचा फेरेट यांच्या पंक्तीला त्या यादीत लर्चरचेही नाव आहे. ज्याच्या घरात हा कुत्रा होता, त्याला आवाज न करणारे, शब्द ऐकणारे आणि पकडलेले जनावर हातात आणून देणारे जनावर हवे होते. चांगल्या लर्चरची व्याख्या आजही तीच आहे.

लहान लर्चरच्या मुळाशी बहुधा व्हिपेट असतो. उत्तर इंग्लंडच्या खाणकामगारांनी हा कुत्रा वाढवला. रविवारच्या मोकळ्या वेळात ते सुमारे 200 यार्डांच्या सरळ पट्ट्यावर व्हिपेट पळवत. पलीकडच्या टोकाला मालक चिंधी हलवत उभा राही आणि कुत्रा तिच्याकडे झेपावे. केनेल क्लबने 1891 मध्ये या जातीला मान्यता दिली. प्रमाण उंची नराची 47 ते 51 सेंटिमीटर, मादीची 44 ते 47. वेग ताशी 55 किलोमीटरच्या आसपास. ग्रेहाउंड 70 पर्यंत जातो. व्हिपेटला नॉर्थम्बरलंडच्या बेडलिंग्टन टेरियरची जोड दिली की दाट, खरखरीत केसांचा, साधारण 16 ते 21 इंचांचा जो कुत्रा मिळतो, तो लहान लर्चरचा सर्वांत जुना आणि सर्वांत पारखलेला नमुना.

आता शिकारीकडे वळू. इथे मराठी वाचकाची एक अडचण होते. आपण ज्याला ससा म्हणतो तो रानससा. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला जागा करून बसतो आणि जिवावर बेतले की उघड्या माळावरून लांबवर पळतो. इंग्लंडचा रॅबिट निराळा. त्याची वसाहत जमिनीखाली असते आणि संकट दिसताच त्याला एकच सुचते, जवळचे बीळ गाठणे. रानसशाच्या मागे कुत्र्याला बराच वेळ पळावे लागते. रॅबिटचा निकाल बहुधा काही सेकंदांत लागतो. कुत्रा लहान घ्यावा की मोठा, याचे निम्मे उत्तर या फरकात आहे.

काही सेकंदांच्या धावेत कमाल वेग गाठायला वेळच नसतो. तिथे उपयोगी पडतो तो पहिल्या दोन-तीन झेपांतला जोर आणि अचानक वळण्याची क्षमता. हे केवळ अनुभवी माणसांचे मत नाही. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अॅलन विल्सन यांच्या गटाने बोट्स्वानातल्या पाच जंगली चित्त्यांच्या गळ्यात मोजमाप करणारे पट्टे बांधले आणि त्यांच्या 367 धावांची नोंद 2013 मध्ये प्रसिद्ध केली. सर्वाधिक वेग ताशी 93 किलोमीटर भरला, पण एरवीच्या शिकारीत चित्ते सरासरी 53-54 च्या वर जात नव्हते. शिकार साधत होती ती वेग झटकन वाढवण्याच्या, तितकाच झटकन कमी करण्याच्या आणि वळण्याच्या जोरावर. जगातल्या सर्वांत वेगवान प्राण्याचीच ही गोष्ट असेल, तर झुडपांच्या कडेला रॅबिटमागे धावणाऱ्या कुत्र्याचा कमाल वेग किती, या प्रश्नाला फार किंमत देण्याचे कारण नाही.

शरीराचे वजन आणखी एका हिशेबात येते. 30 किलोचा कुत्रा ताशी 60 किलोमीटर वेगाने आणि 12 किलोचा कुत्रा ताशी 50 वेगाने कुंपणावर आदळला, तर पहिल्याच्या धडकेतली ऊर्जा दुसऱ्याच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. ब्रिटनच्या शेतांत काटेरी तार, दगडी बांध आणि लोखंडी फाटके पावलोपावली आहेत. रात्रीच्या अंधारात तर ती दिसतही नाहीत. मोडलेली बोटे, फाटलेली छाती, निखळलेला खांदा हे मोठ्या, वेगवान कुत्र्यांच्या वाट्याला येणारे नेहमीचे दुखणे आहे. लहान कुत्राही जखमी होतो, त्याची पातळ कातडी तारेवर कागदासारखी फाटते, पण तो पुन्हा उभा राहण्याची शक्यता अधिक असते.

लहान लर्चरचे खरे राज्य पाहायचे असेल तर हिवाळ्यात फेरेट घेऊन निघालेल्या माणसामागे जावे. फेरेट हा मुंगसासारखा लांबोडका, माणसाळलेला प्राणी. ऑक्टोबरनंतर खाजकुइलीसारखी अंगाला झोंबणारी नेटलची झुडपे वाळतात, गवत बसते आणि बांधावरची बिळे उघडी पडतात. पहिले काम कुत्र्याचे असते. तो एकेका बिळाशी नाक नेतो आणि पुढे सरकतो. एखाद्या बिळाशी मात्र थबकतो, कान टवकारतो, मान कलती करून आतली चाहूल घेतो. हे बीळ रिकामे नाही, असा त्याचा निरोप असतो. हा निरोप खरा असेल तर माणसाचा अर्धा दिवस वाचतो. मग बिळांच्या तोंडांवर छोटी जाळी पसरतात, फेरेट आत सोडतात आणि सगळे शांत होते. आत शिरलेल्या फेरेटला घाबरून रॅबिट बाहेर उसळतो. तो जाळ्यात सापडला तर ठीक. पण बांधाच्या पलीकडे काट्यांत एखादे तोंड नजरेतून सुटलेले असतेच, आणि रॅबिट नेमका तिथून निघतो. त्याच्या आणि पुढच्या बिळाच्या मध्ये आठ-दहा मीटर अंतर असते.

त्या आठ-दहा मीटरांत 18-20 इंचांचा कुत्रा आपले काम संपवतो. मोठा कुत्रा अजून पाय मोकळे करत असतो. शिवाय त्याला बांधावर नीट उभे राहायलाही जागा नसते, तो जाळ्यांवर पाय देतो, काट्यांत अडकतो, त्याच्या पावलांचा धप्प आवाज जमिनीखाली पोचतो. आत हालचाल जाणवलेला रॅबिट मग बाहेर येतच नाही. या कामात लहान लर्चर मोठ्याच्या बरोबरीचा आहे, एवढे म्हणणे पुरेसे नाही. तो सरस आहे.

झुडपांतले कामही तसेच. ब्रँबल म्हणजे आपल्या करवंदीच्या जाळीची आठवण करून देणारे काटेरी झुडूप. मोठ्या लर्चरबरोबर आत घुसायला एखादा टेरियर न्यावा लागतो. बेडलिंग्टनचे रक्त असलेला लहान लर्चर आत घुसून रॅबिट उठवतो आणि बाहेर येऊन त्याचा पाठलागही करतो. एकाच कुत्र्यात दोघांचे काम होते.

लहान कुत्रा कमी पडतो तो रात्रीच्या मोकळ्या रानात. ढगाळ, वाऱ्याच्या रात्री हातात दिवा घेऊन शेतात फिरणे हा रॅबिट धरण्याचा दुसरा मोठा प्रकार. वाऱ्यामुळे आवाज लपतो, चंद्र नसल्याने माणूस दिसत नाही आणि रॅबिट चरत चरत बिळापासून लांब आलेले असतात. मोठ्या शेताच्या मध्यावर बसलेल्या रॅबिटपर्यंत पोचायला लांब ढांगेचा कुत्रा हवा. लहान लर्चर पहिल्या चार-पाच धावा जोमात करतो, पण प्रत्येक धाव लांब पल्ल्याची असेल तर त्याचा दम लवकर सरतो. त्यात परतीचे ओझे असते. दीड किलोचा रॅबिट 10 किलोच्या कुत्र्याच्या वजनाचा सातवा हिस्सा आहे, 30 किलोच्या कुत्र्याच्या वजनाचा विसावा. एकदा आणणे सोपे, वीसदा आणताना फरक अंगावर येतो. नांगरलेली चिकण माती, उंच ओले गवत, खोल चर, अशा ठिकाणी पायांची लांबी कामी येते, हे लहान कुत्र्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

म्हणून जमीन पाहूनच कुत्रा निवडावा. डेव्हनमधले मातीचे उंच बांध आणि त्यांवरची दाट झाडी, वेल्सच्या दऱ्यांतली नेच्यांची राने, यॉर्कशायर डेल्समधली दगडी भिंतींनी तुकडे पडलेली कुरणे ही लहान लर्चरची भूमी. केंब्रिजशायर आणि लिंकनशायरमधला फेन्सचा सपाट, क्षितिजापर्यंत उघडा प्रदेश मोठ्या कुत्र्याचा. 1953 मध्ये केंटमध्ये मिक्सोमॅटोसिस हा विषाणुरोग पोचला आणि दोन-तीन वर्षांत ब्रिटनमधले बहुतेक सगळे रॅबिट मेले. नंतर ते पुन्हा वाढले, पण सगळीकडे सारखे नाहीत. पुष्कळ ठिकाणी आज शेतभर विखुरलेले कळप नसून बांधाच्या कडेला दहा-वीस रॅबिटांची वसाहत असते. अशा ठिकाणी 26 इंचांचा कुत्रा नेणे म्हणजे गल्लीत ट्रक घालणे.

कायद्याने तर या वादातला मोठा भाग निकालात काढला आहे. मोठ्या लर्चरची बाजू मांडणारे रानससा, खोकड आणि हरीण यांची नावे घेत. 2004 चा हंटिंग अॅक्ट 18 फेब्रुवारी 2005 पासून इंग्लंड-वेल्समध्ये लागू झाला आणि या जनावरांचा कुत्र्यांकरवी पाठलाग करून शिकार करणे गुन्हा ठरले. वॉटर्लू कपची शेवटची स्पर्धाही त्याच महिन्यात झाली. 1 ऑगस्ट 2022 पासून शिक्षा आणखी कडक झाली. रानसशामागे कुत्रा सोडण्याच्या इराद्याने दुसऱ्याच्या जमिनीत शिरणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड होऊ शकतो, न्यायालय कुत्रा पाळण्यावरही बंदी घालू शकते. लिंकनशायर पोलिसांची 'ऑपरेशन गॅलिलिओ' ही मोहीम याच गुन्ह्यासाठी चालते. स्कॉटलंडमध्ये 2023 चा वेगळा आणि अधिक कडक कायदा आहे, तो वाचल्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये. इंग्लंड-वेल्समध्ये कुत्र्याला मोकळीक उरली ती मुख्यतः उंदीर आणि रॅबिट यांच्यापुरती, तीही जमीनमालकाच्या परवानगीने. 1954 च्या पेस्ट्स अॅक्टमुळे आपल्या जमिनीवरच्या रॅबिटांचा बंदोबस्त करणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. त्यामुळे नीट वागणाऱ्या माणसाला शेतकरी परवानगी देतो. ती लेखी घ्यावी आणि खिशात ठेवावी.

थोडक्यात, ज्या शिकारीसाठी मोठा कुत्रा लागत असे ती बेकायदा झाली आणि उरलेल्या शिकारीत लहान कुत्रा वाकबगार आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या इंग्लंडमध्ये पहिला लर्चर घेणाऱ्याने 18 ते 22 इंचांचाच घ्यावा. वर्षाचे बहुतेक काम रात्री मोठ्या, उघड्या शेतांत असेल तरच 23 ते 25 इंचांकडे वळावे. 26 च्या वरचा कुत्रा रॅबिटसाठी घेण्याचे कारण दिसत नाही.

पिल्लू निवडताना आई-बाप दोघेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, शक्य झाले तर काम करताना पाहावेत. व्हिपेट आणि बेडलिंग्टन यांच्या पहिल्या संकरातली पिल्ले उंचीला बरीचशी सारखी निघतात. आई-बाप दोघेही लर्चर असतील तर एकाच वेतात 18 इंचांचे आणि 24 इंचांचे पिल्लू निघू शकते. टेरियरचे रक्त फार झाले तर हट्टीपणा वाढतो आणि धावताना भुंकण्याची खोड लागते. रात्रीच्या कामात असा कुत्रा निरुपयोगी, कारण त्याच्या एका भुंकण्याने अख्खे शेत रिकामे होते.

तीन तपासण्यांचा आग्रह धरावा. बेडलिंग्टनमध्ये यकृतात तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यासाठी जनुकीय चाचणी आहे. कोलीचे रक्त असेल तर एमडीआर-वन या जनुकदोषाची चाचणी करावी. हा दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखे औषध ठराविक मात्रेपुढे घातक ठरते आणि पशुवैद्याला ते आधी ठाऊक असलेले बरे. तिसरी गोष्ट व्हिपेटची. मायोस्टॅटिन जनुकात बदल झालेल्या व्हिपेटांवरचे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. बदललेली एकच प्रत असलेले कुत्रे शर्यतीत वेगवान निघाले. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर अंगावर स्नायूंचे डोंगर चढतात, तो 'बुली व्हिपेट'. निव्वळ वेगाच्या मोहाने दोन वेगवान कुत्र्यांची जोडी लावणाऱ्याकडून पिल्लू घेण्याआधी ही चौकशी हवीच.

शिकवण्यात घाई करू नये. लहान लर्चर मोठ्यापेक्षा लवकर वयात येतो. तरी वर्षाच्या आत त्याला पूर्ण वेगाच्या कामाला जुंपले तर सांधे आयुष्यभर बोलतात. ते पहिले वर्ष तीन गोष्टींना द्यावे. हाक मारताच परत येणे, वस्तू हळुवार तोंडात धरून हातात देणे आणि मेंढ्यांकडे ढुंकूनही न पाहणे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली तर विशिष्ट परिस्थितीत कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो. फेरेटशी ओळख पिल्लूपणातच, पिंजऱ्याच्या जाळीआडून करून द्यावी. फेरेटला चावणारा लर्चर बांधावर नेता येत नाही. कामावरून परतल्यावर पंजे, बोटांमधल्या बेचक्या, डोळे आणि पोटाखालची कातडी दिव्याखाली तपासावी. लहानशी चीरही त्याच रात्री धुवावी.

महाराष्ट्रातल्या वाचकाने मात्र यातले काम इथे करून पाहण्याचा विचारही मनात आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानसशाची शिकार हा गुन्हा आहे आणि त्यात कैदेची तरतूद आहे. लातूर-उदगीर भागातले कारवानी कुत्रे उंच, लांब पायांचे आणि छातीला खोल का, हे मात्र वरच्या चर्चेवरून उमगते. दख्खनच्या माळावरचा ससा बिळात शिरत नाही, पळतो, आणि त्याच्यामागे पळणारा कुत्रा त्या माळाने घडवला. जमीन आणि सावज यांनी कुत्र्याची उंची ठरवल्याचे हे घरचेच उदाहरण आहे. आज त्याला शिकारीशिवाय मोकळे धावू द्यावे, त्याचे रक्त शुद्ध ठेवावे, एवढे आपण नक्की करू शकतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांतही कुत्रा पाळण्याची हौस वाढते आहे. त्यांनी एक ध्यानात घ्यावे. तिथल्या निराधार कुत्र्यांच्या आश्रयस्थानांत हंगाम संपल्यावर सोडून दिलेले लर्चर येतात. लहान लर्चर 12 ते 14 वर्षे जगतो आणि त्याचे कामाचे हिवाळे फार तर सात-आठ असतात. पुढची वर्षे तो घरात, शेगडीजवळच्या गोधडीवर काढणार आहे. ती वर्षे त्याला देण्याची तयारी असेल तरच पिल्लू घरी आणा.